पस्तीस गिगाबिट, पण कुठल्या पॅकेटचे?

पेपर कसा वाचावा हे सगळेच सांगतात. आज मी एक पेपर कसा वाचू नये ते सांगणार आहे, कारण तो तसा वाचून मी चांगलाच तोंडघशी पडलेलो आहे.

पेपरचं नाव राउटब्रिक्स. ऑपरेटिंग सिस्टिमच्या क्षेत्रातली मानाची परिषद म्हणजे एसओएसपी. तिथे २००९ साली तो सादर झाला. मिहाई दोब्रेस्कू, नॉर्बर्ट एगी, कातेरिना आर्जिराकी, सिल्व्हिया रत्नसामी असे एकूण नऊ लेखक. काही स्वित्झर्लंडच्या ईपीएफएलचे, कुणी इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठाचे आणि बरेच जण इंटेलच्या संशोधन प्रयोगशाळांतले. प्रश्न सोपा, पण धाडसाचा: मोठ्या कंपनीचा महागडा खास राउटर घेण्याऐवजी बाजारात मिळणारे साधे सर्व्हर एकमेकांना जोडून तेवढ्याच ताकदीचा राउटर बनवता येईल का? त्यांचं उत्तर, येतो. चार सर्व्हर जोडून त्यांनी सेकंदाला ३५ गिगाबिट वाहून नेणारा राउटर चालवून दाखवला. हा आकडा पेपरच्या सारांशातच आहे.

एमएस्सी करून, पेट पास होऊन मी सिनॉप्सिस लिहायला बसलो तेव्हा हा ३५ चा आकडा मला इतका भावला की पहिल्याच परिच्छेदात टाकून दिला. का भावला, त्याला हिमायतनगरचं कारण आहे.

हिमायतनगर म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं, मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं आमचं गाव. जुनी माणसं अजून त्याला वाढोणाच म्हणतात. तिथे माझा मोठा मावसभाऊ एमएस-सीआयटीचा क्लास चालवायचा. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. क्लासमध्ये बारा कॉम्प्युटर, फोनच्या तारेवरून येणारं एक ब्रॉडबँड, आणि कोपऱ्यात तेरावा कॉम्प्युटर. त्याच्यावर स्केचपेनने लिहिलेलं: 'सर्वर. बंद करू नये.' त्याला दोन लॅन कार्डं होती. एकात बाहेरून येणारी तार, दुसऱ्यातून स्विचकडे जाणारी. विंडोज एक्सपीतलं इंटरनेट शेअरिंग चालू केलं की बाराही मशीनवर नेट यायचं. आणि त्याच मशीनवर दादा लोकांचे फॉर्म भरायचा, हॉलतिकिटं छापायचा, दुपारी गाणीही ऐकायचा. राउटर हा शब्द मला माहीत नव्हता. "काय करायलास रे तिथं? हात लावू नको, सगळ्यांचं नेट जाईल," एवढंच माहीत होतं.

पुढे दादाने कुणाकडून तरी सीडी आणून त्या मशीनवर लिनक्स टाकलं आणि स्क्विड नावाचं सॉफ्टवेअर बसवलं. बारा पोरं एकच पान उघडत असतील तर ते पान बाहेरून एकदाच यायचं. बाकी अकरा जणांना तेराव्या मशीनच्या हार्डडिस्कवरून मिळायचं. क्लासचं नेट एकाएकी पळायला लागलं. परीक्षेच्या दिवशी दादा एका फाइलीत दोन ओळी घालायचा आणि व्हिडिओच्या साइट बंद. (आज ही पान साठवायची युक्ती फारशी चालणार नाही. आता जवळपास सगळ्या साइटी एनक्रिप्टेड असतात, मधल्या मशीनला पान दिसतच नाही.) आता क्लासला फायबर आहे. कंपनीने भिंतीवर डबा लावून दिलाय, त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड काही दिलेला नाही. एखादी साइट बंद करायची तर तक्रार नोंदवायची आणि वाट बघायची. तेरावा कॉम्प्युटर भंगारात गेला.

तर राउटब्रिक्स वाचल्यावर मला वाटलं, घ्या, आपला तेरावा कॉम्प्युटर जिंकला.

सिनॉप्सिस सादर करायच्या दिवशी समितीत बाहेरून आलेल्या एक मॅडम होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "पस्तीस गिगाबिट म्हणता. पॅकेट किती बाइटचं होतं?" मी म्हणालो, "मॅडम, पेपरमध्ये ३५ च दिलंय." त्या म्हणाल्या, "ते ऐकलं मी. पॅकेट किती बाइटचं?" मला उत्तर माहीत नव्हतं. मी पेपरचा सारांश, प्रस्तावना आणि शेवट वाचला होता. मधली मोजमापाची पानं 'नंतर बघू' म्हणून सोडली होती. विषय दुरुस्त करून पुन्हा या, असा शेरा मिळाला. त्यात सहा महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख.

मॅडमनी तेच का विचारलं, ते आधी समजून घेऊ. राउटरचं काम काय? आलेल्या पॅकेटवरचा पत्ता वाचायचा, तक्त्यात बघायचं की ते पुढे कुठल्या तारेवर ढकलायचं, पॅकेटच्या आयुष्याचा आकडा एकाने कमी करायचा, चेकसम दुरुस्त करायचा आणि पाठवून द्यायचं. पॅकेटच्या पोटात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पॅकेट ६४ बाइटचं असो की १५०० बाइटचं, एवढी मेहनत सारखीच. म्हणजे राउटरचं ओझं बिटांवर ठरत नाही, पॅकेटांच्या संख्येवर ठरतं.

आता कागद-पेन घ्या. इथरनेटवरचं सगळ्यात लहान पॅकेट ६४ बाइटचं. त्याच्या आधी येणारे ८ बाइट आणि दोन पॅकेटांमध्ये सक्तीने सोडायची १२ बाइटची मोकळी जागा धरली तर तारेवर ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट लागतात. १० गिगाबिटच्या तारेला ६७२ ने भागा. सेकंदाला साधारण १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटं येतात. एका पॅकेटच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद. प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झचा असेल तर सुमारे २०० ठोके. आणि प्रोसेसरला मुख्य मेमरीत एकदा जाऊन यायचं म्हटलं तरी साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे हवी ती माहिती कॅशमध्ये सापडली नाही आणि एकच फेरी मेमरीकडे मारावी लागली, तर तेवढ्यात पुढचं पॅकेट दारात उभं. उलट १५०० बाइटचा मजकूर नेणारी पॅकेटं असतील तर त्याच तारेवर सेकंदाला आठ लाखांच्या आसपासच पॅकेटं येतात आणि एकेकासाठी १२३० नॅनोसेकंद मिळतात. अठरापट निवांतपणा. तार तीच, गिगाबिट तेवढेच, पण काम अठरा पटींनी हलकं.

हे हिशेब मांडून मी राउटब्रिक्सच्या मधल्या पानांवर परत गेलो. तिथे सगळं लिहिलेलं होतं. एका सर्व्हरला ६४ बाइटची पॅकेटं दिली तर, या तारेवरून त्या तारेवर नुसती ढकलाढकली ९.७ गिगाबिट. खरा तक्ता बघून आयपी राउटिंग केलं तर ६.३५. प्रत्येक पॅकेट आयपीसेकने एनक्रिप्ट केलं तर १.४. नंतर अ‍ॅबिलीन या अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या नेटवर्कवरून नोंदवलेली खरीखुरी रहदारी दिली, ज्यात लहानमोठी सगळी पॅकेटं असतात. तेव्हा पहिली दोन्ही कामं २४.६ वर पोचली आणि एनक्रिप्शन ४.४५ वर. या २४.६ ला तर प्रोसेसर थकलाच नव्हता. नेटवर्क कार्डं लावायच्या जागा संपल्या होत्या. आणि चार सर्व्हर जोडलेल्या राउटरचे आकडे: अ‍ॅबिलीनच्या रहदारीला ३५, ६४ बाइटच्या पॅकेटांना १२.

बारा. मी सिनॉप्सिसमध्ये लिहिलेल्या आकड्याच्या जवळपास एक तृतीयांश.

लेखकांनी काहीही लपवलेलं नाही, हे स्पष्ट सांगतो. तक्ते स्वच्छ आहेत, अडचण कुठे आली तेही लिहिलंय. पॅकेट कुठल्या मधल्या सर्व्हरवरून न्यावं यासाठी त्यांनी लेस्ली व्हॅलियंट यांची जुनी कल्पना घेतली: ओझं सगळ्यांवर वाटून टाका. पण ते वाटप आंधळेपणाने केलं तर एकाच संभाषणाची पॅकेटं मागेपुढे होतात. ती किती झाली, त्यावर उपाय केल्यावर किती राहिली, हेही त्यांनी मोजलंय. इतका प्रामाणिक पेपर विरळा. माझी तक्रार सारांशाबद्दल आहे. आंब्याच्या पेटीत वरचा थर चांगला लावतात तसं सारांशात ३५ आहे आणि १२ आत. अ‍ॅबिलीनचा आकडा खोटा नाही. रोजच्या रहदारीचा तोच जास्त जवळचा म्हणता येईल. पण राउटर घेणारा माणूस वाईट दिवसाचा विचार करून घेतो. कुणी हल्ला करून लहान पॅकेटांचा पाऊस पाडला तर त्या दिवशी अ‍ॅबिलीनची सरासरी कामाला येत नाही. दोन्ही आकडे सारांशात शेजारी शेजारी हवे होते. दोन शब्दांची तर जागा.

पण 'बरोबर आकडा कुठला' एवढ्यावर थांबलो असतो तर मॅडमनी पुन्हा परत पाठवलं असतं. मला जास्त खटकलं ते वेगळंच.

पेपर सुरू होतो तो वेगाच्या गोष्टीने नाही. तो म्हणतो की खास चिपवर बनवलेल्या राउटरमध्ये नवीन काही घालता येत नाही, साधा कॉम्प्युटर मात्र हवा तसा प्रोग्रॅम करता येतो, म्हणून साध्या कॉम्प्युटरचा राउटर हवा. पूर्ण मान्य. आमच्या दादाने स्क्विड घातलं ते याचमुळे. मग मोजायला घेतलेली कामं कुठली? ढकलाढकली, आयपी राउटिंग आणि आयपीसेक. ही तिन्ही कामं त्या काळातले खास राउटर करतच होते. म्हणजे हेतू सांगितला बदलता येण्याचा आणि पुरावा दिला वेगाचा. खास राउटरला न जमणारं एखादं काम घालून दाखवलं असतं, ते घालायला किती वेळ लागला, किती ओळी लिहाव्या लागल्या, त्यामुळे वेग किती पडला हे मोजलं असतं, तर पेपरच्या पहिल्या पानाला मोजमापाच्या पानांनी उत्तर दिलं असतं. तसं होत नाही. कारणही उघड आहे: गिगाबिट मोजता येतात, सोय मोजता येत नाही. जे मोजता येतं तेच आपल्या शास्त्रात हळूहळू महत्त्वाचं होऊन बसतं. हे मी तुम्हाला नाही, स्वतःलाच बजावतोय.

दुसरा शब्द 'साधा'. त्यांचा सर्व्हर म्हणजे त्या वर्षी नुकताच आलेला इंटेलचा नेहेलेम: दोन प्रोसेसर, प्रत्येकात चार कोर, २.८ गिगाहर्ट्झ, सोबत १० गिगाबिटची दोन-दोन तोंडांची कार्डं. बाजारात मिळणारा म्हणून साधा, ठीक. २००९ साली आमच्या क्लासात पेंटियम फोर होते. लेखकांतले बरेच जण इंटेलचे आणि मशीनही इंटेलचं. यात पाप काही नाही, उलट त्यामुळेच आतल्या गोष्टी इतक्या खोलात कळल्या. पण पेपरमधला 'कमोडिटी' हा शब्द वाचला की मनात विचारायचं, कुणाच्या बाजारातली?

मी आमच्या लॅबमधल्या जुन्या आय-फाइव्ह मशीनला एक जुनं गिगाबिट कार्ड लावून लिनक्सचं फॉरवर्डिंग चालू केलं होतं. मोठ्या पॅकेटांनी तार जवळपास भरली, मी खूश. ६४ बाइटची पॅकेटं सोडली. गिगाबिटच्या तारेवर ती सेकंदाला १४ लाख ८८ हजार मावतात. माझं मशीन त्याच्या निम्म्यालाही पोचलं नाही, आणि माउसचा बाण अडखळायला लागला.

बाण का अडखळला, हा या विषयातला सगळ्यात सुंदर भाग आहे. साध्या कॉम्प्युटरमध्ये पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट देतं. म्हणजे दारावरची बेल. तुम्ही स्वयंपाक करताय, बेल वाजली, उठलात, टपाल घेतलं, परत आलात. दिवसातून चार वेळा वाजली तर हीच पद्धत उत्तम. पण सेकंदाला दहा वेळा वाजली तर? तुम्ही नुसते दारात. टपाल हातात साठतंय, ते वाचायला वेळ नाही, स्वयंपाक जळतोय. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली हे नीट मांडलं. पॅकेटं वाढत गेली की एका मर्यादेनंतर मशीन जास्त पॅकेटं पुढे पाठवण्याऐवजी कमी कमी पाठवतं, आणि शेवटी एकही नाही. प्रोसेसर शंभर टक्के कामात, बाहेर पडणारं काम शून्य. त्यांचा उपाय असा: गर्दी झाली की बेल बंद करा, आणि सवडीने स्वतःच दारात जाऊन जेवढं आलंय तेवढं उचला. आजच्या लिनक्समध्येही हीच कल्पना आहे.

राउटब्रिक्समधला माझा सगळ्यात आवडता तक्ता याच गोष्टीचा आहे. दारात जाऊन एकेकच पॅकेट उचललं तर १.४६ गिगाबिट. एका फेरीत ३२ उचलली तर ४.९७. शिवाय कार्डानेही १६-१६ चे गठ्ठे करून द्यायला सुरुवात केली तर ९.७७. मशीन तेच. नुसत्या गठ्ठ्याने उचलण्यामुळे साडेसहा पटींपेक्षा जास्त फरक. ३५ विसरलात तरी चालेल, हा तक्ता विसरू नका. चांगल्या प्रयोगात असंच असतं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती किती पैशांची आहे ते दाखवायचं.

पण गठ्ठ्याचीही किंमत असते. गठ्ठा भरेपर्यंत पहिलं पॅकेट थांबून राहतं. आणि सारखं दारात उभं राहायचं म्हणजे कोणी येवो न येवो, प्रोसेसर पूर्ण वेगाने फिरत राहणार. पेपरच्या शेवटच्या चर्चेत विजेचा आकडा आहे, आणि तो वाचून मी हिमायतनगरचा असल्यामुळे जरा जास्तच थांबलो. चार सर्व्हरच्या राउटरला २.६ किलोवॉट. तुलनेला घेतलेला ४० गिगाबिटचा खास राउटर १.६ किलोवॉट. दिवसाला एका बाजूला ६२.४ युनिट, दुसऱ्या बाजूला ३८.४. आपल्याकडचा हिशेब करायचा तर जुना डेस्कटॉप ८० वॉट घेतो असं धरा. रात्रंदिवस चालवला तर महिन्याला जवळपास ५८ युनिट. भिंतीवरचा ८ वॉटचा डबा सहा युनिटांत महिना काढतो. आपल्या घरगुती बिलाचा पहिला टप्पाच १०० युनिटचा असतो. आणि लाइट गेली की डेस्कटॉप साध्या यूपीएसवर काही मिनिटं तग धरतो, डबा छोट्या बॅटरीवर काही तास. तेराव्या कॉम्प्युटरची आठवण मी कितीही गहिवरून सांगितली तरी लाइट गेली की सगळा क्लास उठून बाहेर कट्ट्यावर बसायचा, हेही खरं. चर्चेतला हा आकडाही सारांशात नाही. माझ्या मते तो ३५ पेक्षा मोठा निष्कर्ष आहे.

आता जरा मागे जाऊ, कारण साध्या कॉम्प्युटरचा राउटर ही नवी कल्पना आहे असा पेपर वाचून समज होतो. गोष्ट उलटी आहे. १९६९ साली अर्पानेटच्या गाठींवर बसवलेले आयएमपी म्हणजे हनीवेल कंपनीचे मिनीकॉम्प्युटरच होते. १९८६ च्या एनएसएफनेटचे पहिले राउटर डेव्हिड मिल्स यांच्या सॉफ्टवेअरवर चालणारी पीडीपी-११ घराण्यातली मशीनं होती. आपल्याकडे अर्नेटचं गेटवे १९८९ साली मुंबईत जुहूच्या एनसीएसटीतून अमेरिकेतल्या यूयूनेटला जोडलं गेलं, ते सेकंदाला ९.६ किलोबिटच्या रेषेवर. त्या रेषेवर ६४ बाइट जायला ५३ मिलिसेकंद लागतात. वरचे ६७ नॅनोसेकंद आठवा. एवढ्या सवडीत कुठलाही कॉम्प्युटर पत्ता वाचून, चहा पिऊन परत आला असता. नंतर तारा प्रोसेसरपेक्षा वेगाने पळायला लागल्या आणि खास चिपची यंत्रं आली. म्हणजे २००९ चा खरा प्रश्न 'साध्या कॉम्प्युटरला हे जमेल का' असा नव्हता, 'पुन्हा जमेल का' असा होता. हे संशोधन फक्त परदेशात चालतं असंही समजू नका. आपल्या आयआयटी मुंबईत अश्विन गुमास्ते यांच्या गटाने खास हार्डवेअरचा कॅरियर इथरनेट स्विच राउटर बनवला. तिथेच मैथिली वुटुकुरू यांचा गट मोबाइल नेटवर्कच्या गाभ्यातलं पॅकेटांचं काम सॉफ्टवेअरमध्ये कसं पेलायचं यावर काम करतो. एकाच कॅम्पसवर दोन्ही वाटा.

या सगळ्या वाङ्मयात मला मनापासून मोठं वाटतं ते काम क्लिक. एमआयटीतल्या एडी कोलर, रॉबर्ट मॉरिस आणि सहकाऱ्यांचं; १९९९ साली एसओएसपीत आलं, सविस्तर पेपर २००० साली. राउटब्रिक्स स्वतः क्लिकवरच उभं आहे. क्लिकची कल्पना अशी की राउटर म्हणजे एक मोठा प्रोग्रॅम न ठेवता त्याचे लहान लहान तुकडे करायचे. एक तुकडा फक्त आयुष्याचा आकडा कमी करतो, एक फक्त तक्ता बघतो, एक फक्त रांग सांभाळतो. मग साध्या भाषेत लिहायचं की याच्यानंतर हा जोडा. नियमाप्रमाणे चालणाऱ्या आयपी राउटरच्या वाटेवर असे सोळा तुकडे लागतात. रांग दुसऱ्या पद्धतीची हवी? तो एक तुकडा बदला. आणि वेग? ७०० मेगाहर्ट्झच्या पेंटियम थ्रीवर ६४ बाइटची ३,३३,००० पॅकेटं सेकंदाला, एकही न गाळता. बघा, हा आकडा सारांशातच आहे आणि पॅकेटच्या मापासकट आहे. गिगाबिटात केला तर ०.१७, म्हणजे कुणाचे डोळे दिपणार नाहीत. पण वाचणाऱ्याला कळतं की नेमकं काय मोजलं. शिवाय क्लिकने जे वचन दिलं तेच दाखवलं: तुकड्या-तुकड्यांचा, हाताने बदलता येणारा राउटरही पुरेसा वेगवान असू शकतो. सोय आधी, वेग तिच्या साक्षीला. राउटब्रिक्समध्ये हा क्रम उलटा झाला असं मला वाटतं.

पुढचे पेपर वाचताना मॅडमचा प्रश्न मी खिशात ठेवतो. २०१२ साली पिसा विद्यापीठाच्या लुइजी रिझो यांचं नेटमॅप आलं. ९०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एकाच कोरने १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटं! वर आपण काढलेला पूर्ण आकडा, तोही ६४ बाइटचा. टाळ्या. पण काम कुठलं? पॅकेटं पाठवणं आणि घेणं. तक्ता बघणं त्यात नाही. राउटर बनवायचा तर त्या ठोक्यांतून तेही काम निघायला हवं. २०१८ साली लिनक्समधल्या एक्सडीपीचा पेपर आला: एका कोरवर २ कोटी ४० लाख. काम? पॅकेट फेकून देणं. हल्ला थोपवायला ते फार उपयोगाचं आहे, पण त्याला राउटिंग म्हणता येत नाही. पेपरमध्ये राउटिंगचा आकडा वेगळा दिलाय आणि अर्थातच कमी आहे.

तरीही एक्सडीपीचा पेपर मला आवडतो, त्याचं कारण वेगळं. राउटब्रिक्सनंतरच्या बऱ्याच कामांनी वेगासाठी कर्नललाच बाजूला सारलं. डीपीडीके हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. कार्ड थेट एका प्रोग्रॅमच्या ताब्यात जातं, एक कोर कायमचा दारात उभा. वेग अफाट. पण मग लिनक्सची फायरवॉल, पॅकेट बघायची हत्यारं, तक्ते, ज्यासाठी आपण साधा कॉम्प्युटर घेतला होता ते सगळं त्या कार्डापुरतं बंद. त्याच कार्डावरून दादाला हॉलतिकीट छापायला नेटवर जायचं असेल तर? जमणार नाही, तो आता कॉम्प्युटरच्या वेशातला खास राउटर झालाय. एक्सडीपीवाल्यांनी कर्नलच्या आत राहूनच पॅकेट लवकर पकडायची जागा शोधली. वेगात ते डीपीडीकेच्या थोडे मागे राहतात, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. पण रहदारी कमी असली की त्यांचा प्रोसेसरही कमी चालतो, आणि हे त्यांनी आलेख काढून दाखवलंय. म्हणजे सोय आणि खर्च, दोन्ही मोजायला घेतले.

माझी दुसरी सिनॉप्सिस इथूनच निघाली. जुनं, सेकंडहँड मशीन. चालू असताना एखादा नियम बदलायचा. बदल लागू व्हायला किती वेळ, तेवढ्यात किती पॅकेटं गळली, आणि एका पॅकेटमागे वीज किती. मशीन आय-फाइव्हच आहे. विजेचा मीटर डिपार्टमेंटकडे नव्हता, तो मी नांदेडला इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणला, प्लगमध्ये खोचायचा साधा. गाइड म्हणाले, तो किती अचूक आहे ते आधी मोज. त्यामुळे सध्या मी राउटर सोडून १०० वॉटचा बल्ब मोजतोय.

दादाला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "मशीन भंगारात गेलं, पण दोन्ही लॅन कार्डं काढून ठेवलीत मी. घेऊन जायलास का?" ती शंभर मेगाबिटची आहेत. तरी पुढच्या वेळी गावी गेलो की आणणार आहे. १०० मेगाबिटला ६४ बाइटची पॅकेटं सेकंदाला किती होतात, ते वरच्या हिशेबावरून तुम्हीच काढा. माझे आकडे हाती आले की इथे टाकेन, पॅकेटच्या मापासकट.